जर्नलातला आलेख आणि माझ्या गाडीचा शॉकअप

पोस्ट मोठी आहे. घरात बारावी झालेलं, इंजिनिअरिंगच्या वाटेवरचं मूल असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

तीन वर्षांपूर्वी, अशाच प्रवेशाच्या दिवसांत, मी आमच्या पेपरच्या पुरवणीसाठी अर्ध्या पानाचा मजकूर लिहिला होता. जवळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजबद्दल. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एका कॉलेजचा नाही आणि चूक आधी माझी आहे. "अद्ययावत संगणक प्रयोगशाळा, प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षण" ही ओळ माझी. लॅब मी डोळ्यांनी पाहिली होती. एसी खोली, ओळीने मांडलेले कॉम्प्युटर. खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. एका सरांनी एक मशीन चालू करून दाखवलं. मी फोटो काढला, चहा घेतला, जाहिरातीची ऑर्डर घेतली आणि परत आले. वापरात असलेल्या लॅबमधल्या खुर्च्यांवर प्लास्टिक कसं, हा प्रश्न इतकी वर्षं बातमीदारी केलेल्या बाईला पडला नाही.

का पडला नाही, तेही सांगते. तालुक्याच्या बातमीदाराचं घर बातम्यांवर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. जूनमधल्या पुरवण्यांवर आमची शाळेची फी आणि पावसाळ्यातली पत्र्याची डागडुजी होते. हे सगळ्यांना माहीत असतं, लिहीत कोणी नाही.

माझ्या दादाने ते कात्रण जपून ठेवलं. "तू स्वतः बघून आलीस ना, मग झालं," म्हणाला आणि पोरीचा प्रवेश तिथे घेतला. शाखा इलेक्ट्रिकल. दादाची दोन एकर बागायत, बाकी जिरायत. फी कशी भरली ते मी सांगायला नको.

यंदा फेब्रुवारीत भाचीचा पाचव्या सेमिस्टरचा निकाल आला. बाकी सगळे विषय सुटले. कंट्रोल सिस्टीम्स राहिला.

ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. पोरगी हुशार आहे, दहावीला गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव. मी म्हटलं, दाखव बघू, काय आहे हा विषय. तिने जर्नल काढलं. सुंदर अक्षर, लाल-निळ्या शाईतले मथळे, प्रत्येक प्रयोगाखाली सही. त्यात एका पानावर आलेख होता. एक रेघ शून्यातून निघते, वर जाते, ठरलेल्या उंचीच्या पुढे जाते, परत खाली येते, पुन्हा थोडी वर, पुन्हा थोडी खाली, असं करत शेवटी आडवी होते.

मी विचारलं, "ही रेघ अशी वर-खाली का जाते गं?"

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आत्या, ती अशीच काढायची असते."

पुढे सगळं बाहेर आलं. प्रयोग झालाच नव्हता. लॅबच्या तासाला हजेरी व्हायची, मग तीन बॅच आधीच्या एका मुलाचं जर्नल फिरायचं. आलेख काचेवर ठेवायचा, खालून मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि वरच्या कागदावर उतरवायचा. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या भाषेत याला 'जीटी मारणं' म्हणतात. ग्लास ट्रेसिंग. सगळ्या वर्गाच्या जर्नलात तोच उंचवटा, त्याच जागी, तेवढाच. मूळ आलेख कोणी, कधी, कोणत्या यंत्रावर काढला होता, देवाला ठाऊक.

मी रागावले नाही. रागवायचा हक्क मी तीन वर्षांपूर्वीच कमिशनमध्ये विकला होता.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी गॅरेजला न्यायची होती. खड्ड्यातून गेली की मागून उड्या मारायची. भाचीला सोबत घेतलं. आमचा मेकॅनिक सातवी शिकलेला, बापाच्याच गॅरेजात तयार झालेला. त्याने काही खोललं नाही. दोन्ही हातांनी सीट जोरात खाली दाबली आणि एकदम सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा वर.

"ताई, शॉकअप गेलेत," तो म्हणाला. "सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन गप बसली पाहिजे. ही बघा, नाचतेय. स्प्रिंग चांगली आहे, पण आतलं ऑइल गळालंय. स्प्रिंगचं काम उडवायचं, ऑइलचं काम बसवायचं."

मी विचारलं, "मग भरपूर जाड ऑइल भरलं तर?"

"तर लाकडासारखी होईल. खड्डा डायरेक्ट मणक्यात."

भाची सीटकडे बघत उभी होती. तिने स्वतः पुढे होऊन सीट दाबली आणि सोडली. ओठांत मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, हे अंडरडॅम्प्ड आहे. जर्नलातला आलेख हाच आहे."

त्या पोरीने हा शब्द शेकडो वेळा लिहिला असेल. तो काय असतो, ते तिला गॅरेजात ऑइलच्या डागांवर उभं राहून कळलं.

आता ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगते. कुठल्याही यंत्रणेला अचानक एक हुकूम दिला आणि तो तसाच कायम ठेवला, तर ती कशी वागते, त्याला म्हणतात तिचा प्रतिसाद. लिफ्टला तिसरा मजला सांगितला, एसीला २४ वर लावलं, पंख्याचा रेग्युलेटर एकदम तीनवर नेला. यंत्रणा लगेच तिथे पोचते, रेंगाळत पोचते, की पुढे जाऊन मागे येत डोलत बसते? कारखान्यातल्या बॉयलरपासून ड्रोनपर्यंत सगळीकडे इंजिनिअरला हेच ओळखावं लागतं आणि हवं तसं करून घ्यावं लागतं. पुस्तकात यासाठी एक आकडा आहे, ग्रीक अक्षर झीटा. झीटा म्हणजे ढोबळमानाने शॉकअपमधलं ऑइल.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने माझ्या जुन्या लॅपटॉपवर सायलॅब नावाचं सॉफ्टवेअर उतरवलं. फुकट आहे. चार ओळी लिहिल्या, झीटाच्या जागी ०.२ टाकलं. रेघ उमटली. जायचं होतं १ पर्यंत, गेली दीडच्याही वर, आणि मग बराच वेळ डोलत राहिली. म्हणजे माझी गाडी. ०.५ टाकलं, तर रेघ सोळा टक्के पुढे जाऊन परत आली. ०.७ ला पाच टक्क्यांच्या आतच, जेमतेम एक उंचवटा. १ ला उंचवटाच नाही, सरळ जाऊन टेकली. २ ला इतकी रेंगाळली की मी म्हटलं, ही तर आमच्या भूमापन कार्यालयातली फाइल आहे. पोरगी खूप दिवसांनी खळखळून हसली.

मग तिने ब्राउझरमध्येच चालणारा एक छोटा प्रोग्रॅम शोधला. त्यात आकडेही टाकावे लागत नाहीत. पडद्यावर एक पट्टी, ती बोटाने सरकवायची, आणि समोरची रेघ त्याच क्षणी आकार बदलते. पट्टी डावीकडे नेली की रेघ नाचायला लागते, उजवीकडे नेली की सुस्तावते. मी माझ्या हाताने सरकवून बघितली. जर्नालिझमचा डिप्लोमा केलेल्या मला, जिचं गणित दहावीला सुटलं, दहा मिनिटांत कळलं की मधे कुठेतरी एक जागा आहे जिथे यंत्रणा चपळही असते आणि शहाणीही. ती जागा शोधणं हेच इंजिनिअरचं काम.

"मुद्दाम बिघडवू का?" तिने विचारलं आणि झीटा शून्य केलं. रेघ थांबेचना, एकाच मापाने वर-खाली. मग शून्याच्याही खाली नेलं. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत पडद्याबाहेर गेला. "असं खऱ्या मशीनचं झालं तर मशीन तुटतं," ती म्हणाली. खऱ्या मशीनवर हे करून बघता येत नाही. पडद्यावर बिघडवायची मुभा असते आणि त्याचा खर्च शून्य.

खऱ्या जगात असं जवळपास घडलेलं आहे. लंडनमध्ये थेम्स नदीवर मिलेनियम ब्रिज नावाचा पायी चालण्याचा पूल १० जून २००० रोजी लोकांसाठी खुला झाला. गर्दी चालायला लागली आणि पूल आडवा डोलायला लागला. पूल डोलला की लोक तोल सावरायला नकळत त्याच तालात पावलं टाकत, त्याने पूल आणखी डोले. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. उपाय काय केला? डॅम्पर बसवले. म्हणजे माझ्या गाडीच्या शॉकअपचे मोठे भाऊच. २००२ च्या फेब्रुवारीत पूल पुन्हा सुरू झाला. इतके नामवंत इंजिनिअर असूनही माणसांच्या पावलांचा हा परिणाम हिशोबात धरायचा राहिला. म्हणून वाटतं, आपल्या पोरांनी पट्टी सरकवून शंभर वेळा बिघडवलेलं बरं.

मग मी बातमीदार असल्यासारखं थोडं खोदलं. ही सॉफ्टवेअर आली कुठून?

बहुतेक नावांच्या मुळाशी कोणीतरी शिकवणारा माणूस निघाला. मॅटलॅब हे जगभर चालणारं महागडं नाव. ते क्लीव्ह मोलर या प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलं, विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता गणिती साधनं वापरता यावीत म्हणून. त्याची कंपनी झाली नंतर, १९८४ ला. ऑक्टेव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर सुरू झालं ते रासायनिक अभियांत्रिकीच्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून. सायलॅब फ्रान्सच्या सरकारी संशोधन संस्थेतून आलं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले कार्ल ऑस्ट्रोम म्हणजे या विषयातलं मोठं नाव. त्यांनी आणि त्यांच्या स्पेनमधल्या सहकाऱ्यांनी खास शिकवण्यासाठी असे प्रोग्रॅम केले की आलेखावरचा बिंदू माउसने ओढला की बाकीचे आलेख तिथल्या तिथे बदलतात. गणित आधी आणि चित्र शेवटी, हा क्रम त्यांनी उलटा केला. आधी हलवून बघ, प्रश्न पडू दे, मग समीकरणाकडे जा.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे काहीच नाही असं मला वाटलं होतं. तसं नाही. केंद्र सरकारच्या पैशातून 'व्हर्च्युअल लॅब्ज' उभ्या राहिल्या, आयआयटी आणि इतर संस्थांनी मिळून केलेल्या, घरबसल्या ब्राउझरवर चालणाऱ्या. आयआयटी मुंबईत 'फॉसी' नावाचा प्रकल्प आहे, तो कॉलेजांना फुकट सॉफ्टवेअरकडे वळवायचं काम करतो. तिथलेच 'स्पोकन ट्युटोरियल'चे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि सायलॅबचे पाठ मराठी आवाजातही आहेत. भाचीने पहिला पाठ लावला तेव्हा कॉम्प्युटरमधून मराठी ऐकून माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, कोण आलंय बघायला.

म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, शिकवणी मराठीत, मशीन लॅबमध्ये पडून. मग अडलं कुठे?

हे विचारायला मी तिच्या कॉलेजच्या एका तरुण सरांना भेटले. नाव न छापण्याच्या अटीवर बोलले. ते तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही. कॉलेजबाहेरच्या टपरीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते मला खरं वाटलं.

"मॅडम, मला स्वतःला हे सगळं येतं. माझ्या लॅपटॉपवर आहे. पण बॅच मोठी, मशीनं निम्मी चालतात, आणि दोन तासांत हजेरी, मागच्या प्रयोगाच्या सह्या, नवीन प्रयोगाचं लिखाण. मुलांना टर्मवर्कचे मार्क जर्नल पूर्ण असण्याचे मिळतात. बाहेरून येणारे परीक्षकही आधी जर्नल उघडतात. आलेख आहे का, सही आहे का. मुलाला तो आलेख कळला का, याला फॉर्मवर रकानाच नाही."

मी म्हटलं, मग मुलं तक्रार का करत नाहीत?

ते हसले. "तक्रार कशाला करतील? जीटी मारायला वीस मिनिटं लागतात. समजून घ्यायला दोन तास. तुमची भाची नापास झाली म्हणून तुम्ही इथे आलात. पास झाली असती तर आला असता का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

निघताना त्यांनी एक गोष्ट मात्र बजावली, तीही लिहायला हवी. "सॉफ्टवेअर म्हणजे सगळं नाही हं मॅडम. पडद्यावरच्या स्प्रिंगला गंज चढत नाही. खरी मोटर गरम होते, सेन्सर थरथरतो, व्होल्टेज एका हद्दीच्या पुढे वाढत नाही. पडद्यावर आधी, पण नंतर यंत्रावर हात पडलाच पाहिजे." यावरही काम झालेलं आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने एक छोटंसं यंत्र केलं होतं. पोलादाची पट्टी, तिला तापवायला हीटरची गुंडाळी, गार करायला कॉम्प्युटरमधला पंखा, आणि तापमान मोजणारा सेन्सर. अशी यंत्रं मांडून ठेवून ती दूरच्या विद्यार्थ्याला इंटरनेटवरून चालवता येतील अशी सोय त्यांनी उभारली. तालुक्याच्या गावात बसून मुंबईतली खरीखुरी पट्टी तापवायची आणि तिचा प्रतिसाद बघायचा.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वात जास्त लागली.

भाचीने एका संध्याकाळी प्रोग्रॅममध्ये आणखी एक पट्टी दाखवली. उशीर. म्हणजे हुकूम दिल्यापासून परिणाम दिसायला जाणारा वेळ. उशीर शून्य असताना यंत्रणा झकास चालत होती. बाकी काही न बदलता तिने फक्त उशीर वाढवला. तीच शहाणी रेघ नाचायला लागली. आणखी वाढवला तर पडद्याबाहेर गेली.

"तुमच्या बाथरूमसारखं," ती म्हणाली. आमचं सोलर गच्चीवर आणि न्हाणी तळमजल्यावर. गरम नळ सोडला तरी पाणी गारच येतं, म्हणून माणूस आणखी सोडतो. मग पाइपातून एकदम चटका येतो. घाबरून गार सोडतो, तोवर कुडकुडायची वेळ. ज्याला पाइपाची लांबी माहीत आहे, तो नळ थोडाच फिरवतो आणि थांबतो. जो घाई करतो त्याची अंघोळ गरम-गार अशीच होते.

मी कांद्याच्या पट्ट्यातली बातमीदार. मला ती रेघ बघून न्हाणी आठवलीच नाही, बाजार समिती आठवली. यंदा भाव चढला की शेतकरी कांदा वाढवतो, पण लागवडीपासून काढणीला चारेक महिने जातात. तोवर सगळ्यांचाच कांदा येतो आणि भाव कोसळतो. मग पुढच्या वर्षी लागवड कमी, की भाव पुन्हा चढा. आणि त्यावर सरकार नळ फिरवतं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. तोवर उन्हाळ कांदा बाजारात येऊन पडला होता. त्या काळात मी रास्ता रोकोच्या किती बातम्या दिल्या ते आठवत नाही. प्रत्येक बातमीत कोणीतरी खलनायक होता. पाइपाची लांबी मी एकाही बातमीत लिहिली नाही, कारण मला ती दिसलीच नव्हती.

कांद्याचा प्रश्न सॉफ्टवेअरने सुटेल असं मी म्हणत नाही. त्यात राजकारण आहे, साठवण आहे, व्यापारी आहेत. पण उशीर असलेल्या यंत्रणेला जोरात हिसका दिला की ती नाचते, एवढी साधी गोष्ट ज्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी सरकवून बघितली, अशी माणसं गावोगाव असती तर आपलं बोलणं तरी वेगळं झालं असतं. ही पोरं उद्या फक्त कारखान्यात जाणार नाहीत. कोणी पाणीपुरवठ्यात जाईल, कोणी महावितरणमध्ये, कोणी स्पर्धा परीक्षा देऊन साहेब होईल. त्यांनी आलेख काचेवर उतरवलेला असेल, तर ते निर्णयही काचेवरच उतरवतील. मागच्या साहेबाचे.

आता माझं. या महिन्यात पुन्हा त्याच कॉलेजकडून फोन आला. "मॅडम, यंदा पण हाफ पेज आहे." मी म्हटलं, जरूर, फक्त या वेळी मला एक चालू प्रॅक्टिकल बघायचंय. बॅच बसलेली असताना, मागे उभी राहीन, कोणाला त्रास देणार नाही. पलीकडून "वरिष्ठांना विचारून सांगतो" असं उत्तर आलं. नंतर फोन आला नाही. अर्ध्या पानाची जाहिरात दुसऱ्या पेपरला लागली, मजकुरात "प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षण" ही माझी ओळ जशीच्या तशी. माझ्या वाक्याची कोणीतरी जीटी मारली. ऑफिसातून विचारणा झाली, तालुक्याचा आकडा यंदा कमी का. मी खरं कारण सांगितलं. पुढे काय होईल ते बघू.

भाचीने मे महिन्यात तो पेपर पुन्हा दिला, निकाल यायचाय. पण परीक्षेच्या आधीचे तीन रविवार माझ्या जेवणाच्या टेबलावर तिच्या वर्गातल्या चार मुली बसत होत्या. एकच लॅपटॉप, आळीपाळीने पट्टी सरकवायची, आणि सरकवायच्या आधी प्रत्येकीने कागदावर अंदाज काढायचा, रेघ कशी जाईल. हा नियम भाचीचाच. चुकलं की का चुकलं ते बाकीच्यांनी सांगायचं. एकदा चौघींचाही अंदाज चुकला, तर तासभर भांडण चाललं. मी आतून ऐकत होते. या लॅबला भिंतीवर बोर्ड नव्हता आणि खुर्च्याही कमी पडत होत्या, एक जण पिठाच्या डब्यावर बसली होती.

ज्यांच्या घरी प्रवेशाची धावपळ चालू आहे त्यांना एवढंच सांगते. कॉलेज बघायला गेलात की इमारत, बस आणि प्लेसमेंटचा आकडा सगळेच विचारतात. तुम्ही आणखी तीन गोष्टी करा. लॅब सुट्टीत नाही, चालू तासाला बघायला मागा. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांची एकाच प्रयोगाची जर्नलं शेजारी शेजारी ठेवा, आलेख तंतोतंत सारखे आहेत का बघा. आणि कोणत्याही मुलाला एका आलेखावर बोट ठेवून विचारा, "हा असा का जातो?" तो "असाच काढायचा असतो" म्हणाला, तर फी भरायच्या आधी घरी येऊन विचार करा.

माझ्या जुन्या मजकुरावर विश्वास ठेवून ज्यांनी कोणी प्रवेश घेतला असेल, त्यांची माफी मागते. दादाची मागून झाली. तो काही बोलला नाही, फक्त कात्रण परत दिलं.

तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या कॉलेजात या विषयाचं प्रॅक्टिकल खरंच होतं का, कसं होतं, ते खाली लिहा. चांगलं होत असेल तर आवर्जून लिहा, मला ते बघायला यायचंय. शिकवणाऱ्यांपैकी कोणी वाचत असाल आणि रविवारी दोन तास देऊ शकत असाल तर इनबॉक्समध्ये कळवा. टेबल माझ्याकडे आहे. लॅपटॉप एकच आहे, तेवढी अडचण.